शफीचाचांचं मशीन आणि न बसणारं कार्ड

५ मे २००८
मेलाच शेवटी! जुना लॅपटॉप. पडदा काळा, पंखा बंद. पेशंटच्या कानाची मशीनं मी ज्या कार्डानं जोडून जुळवते, ते त्याच्याच खोबणीत बसायचं. नव्या लॅपटॉपची खोबण अरुंद — कार्ड आत शिरतच नाही. दुकानदार फोनवर हसला. "मॅडम, एवढं जुनं कार्ड कोण वापरतं आता?" मी वापरते! दुसरं घ्यायची ऐपत नाही माझ्या दवाखान्याची.

६ मे
मालेगावहून शफीचाचा आले, सोबत मेहरुन्निसाचाची. चाळीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात काढली, कान गेले. रविवारी मुलीचा, इन्शाचा निकाह. तिची रजामंदी, म्हणजे संमती, विचारायला बाप स्वतः जाणार. "मॅडम, बाकी दुनिया रहने दो. बस बेटी का 'कबूल' सुनना है."

मशीनचा आवाज वाढवायला हवा. पण कशानं वाढवू?

वर चाचींचं गेल्या महिन्यातलंच गाऱ्हाणं — "सीटी मारती जी ये. लोग पलट के देखते, तो ये जेब में रख देते." मशीन मुठीत धरून माझ्या कानाशी नेलं. शिट्टी कुठली! चाचांना मशीन घालायची लाज वाटते, दुसरं काय. तसं तोंडावर म्हटलंही.

८ मे
मुंबईहून अडॅप्टर आला — उलटा! नवं कार्ड जुन्या खोबणीत बसवायचा. मला नेमकं याच्या विरुद्ध हवं होतं. मागवताना मीच धड वाचलं नाही. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

माझा नवरा दिनेश वेगळाच चिडला. कुरिअरवाला माझ्या मोबाईलवर फोन करून थकला म्हणे, मी मोबाईलशेजारीच बसलेले. लक्ष कुठे होतं माझं?

९ मे
बरोबरचा अडॅप्टर दहा दिवसांनी. संपलं.

११ मे
मालेगावला जाऊन आले. जायला नको होतं.

बायकांत, इन्शाच्या शेजारीच बसले होते. चाचा दोन साक्षीदारांना घेऊन आले, वाकून विचारलं. ओढणीआड तिचे ओठ हलले. इतकं हळू, की मलाही ऐकू आलं नाही. चाचांनी परत विचारलं. मग तिसऱ्यांदा. मागे कोणीतरी फिसकन हसलं. साक्षीदारानं त्यांचा दंड धरला. "बोल दी, चाचा. चलो."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही — तेच सहन होईना. मशीन कुर्त्याच्या खिशात होतं. कानात असून तरी काय उपयोग होता?

एस.टी.त चांदवडपर्यंत रडत होते. एका कार्डापायी! बापाला पोरीचा एक शब्द देता आला नाही मला. कसली मी कानांची डॉक्टर?

१५ मे
मेनरोडच्या दुरुस्तीवाल्याकडे जुना लॅपटॉप मिळाला. कार्ड खटकन बसलं. पाच दिवस आधी मिळाला असता तर! चाचांना निरोप धाडला.

१७ मे
चाचा-चाची आले. मशीन जोडलं, चाचांच्या कानात घातलं, आवाज वाढवला. चाचींनी दोन्ही कानांवर हात दाबून धरले. बाहेर केर काढणाऱ्या मालनबाई झाडू टाकून धावत आल्या — "मॅडम, कसली हो शिट्टी ही एवढी?"

मला कुठलीच शिट्टी ऐकू येत नव्हती.