दोन साहेब, एक खाट

४ मार्च

माझी कपडे वाळत घालायची दोरी कापली! विचारणं नाही, सांगणं नाही. धुतलेले कपडे चिखलात. समोरच्या कारखान्याच्या गेटवरचा शिपाई म्हणाला, वरून हुकूम आहे. परदेशी पाहुणे येणार. त्यांच्या देशात वीजकेंद्र बांधायचं मोठं काम निघालंय, ते आपल्या बॉयलर कारखान्याला मिळावं म्हणून सरकार आणि कंपनी एक झालेत. माझ्या ओल्या चादरींनी ते हातचं जाणार होतं म्हणे.

६ मार्च

आज नवलच! सरकारी साहेब आणि कंपनीचा साहेब एका गाडीतून उतरले, आमच्या एकाच खाटेवर बसले.

माझा म्हातारा जन्मभर ह्या कारखान्यात बॉयलरच्या नळ्यांना पांढरं वेष्टण गुंडाळायचा. आता पायरी चढला तरी धाप लागते. त्याच्या छातीत कसली धूळ गेली, एवढंच मी विचारत होते. डॉक्टरही म्हणतो, ते कळल्याशिवाय मी दाखल्यात काय लिहू? सरकारी साहेब म्हणायचा, कंपनीला विचारा. कंपनीचा म्हणायचा, सरकारला विचारा. माझ्या चपला झिजल्या, ह्यांच्या जिभा नाही.

आज मात्र दोघे गोड. म्हाताऱ्याच्या वेळचा एक बॉयलर अजून चालतो, त्यावर काम केलेला कामगार पाहुण्यांना दाखवायचाय. म्हणाले, आजोबा, नुसता हात मिळवायचा. खोकला आला तर पाणी प्या.

७ मार्च

मुलगाही तिथेच कामाला. कारखान्यात काम नाही, म्हणून आठवड्यातले निम्मे दिवस घरी. जेवताना मान वर न करता म्हणाला, "आई, त्या दिवशी तू तोंड उघडू नकोस. हे काम गेलं तर गेटला कुलूप लागेल."

सून ताटात बघत राहिली. मी त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. त्यानं दोघं जास्तच घाबरली.

९ मार्च

दोरी नाही. कपडे खाटेच्या कडेवर. घरभर कुबट वास.

१२ मार्च

आले पाहुणे. म्हाताऱ्याला नवा सदरा घातला, आत दोन म्हातारे मावतील एवढा. पाहुण्यांतला एक पांढऱ्या केसांचा माणूस बराच वेळ त्याचा हात धरून उभा. दुभाष्याकडून विचारलं, काम करताना नाकातोंडाला काय बांधायचात? म्हातारा म्हणाला, रुमाल. आणि खोकला सुरू झाला तो थांबेना. हे कशानं, पाहुण्यानं विचारलं.

सरकारी साहेब म्हणाला, "वय."

कंपनीचा साहेब म्हणाला, "तंबाखू."

दोघे एकाच वेळी! जन्मात तंबाखूला बोट लावलं नाही म्हाताऱ्यानं.

पाहुणा माझ्याकडे वळला. मागे कामगारांच्या रांगेत माझा मुलगा उभा होता. मी म्हाताऱ्याला पाणी पाजलं.

२८ मार्च

काम मिळालं. गल्लीत शिट्ट्या, आरडाओरडा. म्हातारा म्हणाला, बरं झालं, आणि उशांना टेकून बसल्याबसल्याच झोपला. आडवं होता येत नाही त्याला.

२ एप्रिल

मुलाचं परदेशात जायचं ठरलं. नवं केंद्र बांधण्याआधी तिथलं जुनं तोडायचंय — नळ्यांवरचं पांढरं वेष्टण खरवडून काढायचं. बाप त्याच कामातला, म्हणून पहिलं नाव ह्याचं! सून पिशवी भरतेय. आत रुमाल घातले.

उद्या दोघे साहेब फुलं घेऊन येणार. सुनेला बजावलंय, त्याच खाटेवर बसव, चहा ठेवू नकोस, कडी आतून लाव. ती धूळ कसली, हे सांगितल्याशिवाय कोणी उठायचं नाही. एकमेकांकडे बघायचं नाही. आधी कंपनीच्या साहेबानं उत्तर द्यायचं.