माझ्या हाकेचं कुत्रं

१२ नोव्हें., बुध.
गेली. थोरली गेली. संध्याकाळी घरामागच्या सांदवाडीत कोंबड्यायले तांदळाची कणकी टाकून राहिली होती, तेवढ्यात शेजारच्या गोपाळचा कुत्रा, मोती, कुपाटीच्या काट्यातून आत घुसला न सरळ थोरलीची मान धरली. झाडू फेकून मारला, तो लागला बादलीले. मग गोपाळच्या आंगणात पिसंच पिसं. उलटी पिसं, दुरूनच ओळखू येतात.

लग्नात मायनं नाकाडोंगरीहून टोपल्यात घालून दिलेली ती कोंबडी, तिच्या लेकीच्या लेकी ह्या. उलट्या पिसाची जात अड्याळच्या बाजारात फिरून पाहा, कोणापाशी नाही. भगत लोकं दारात येऊन मागून गेले, देवाले पाहिजे म्हणे. मी नाही दिली. देवाले नाही दिली ती कुत्र्यानं खाल्ली.

आता त्या जातीची एकटी भुरी उरली.

१३ नोव्हें.
भांडायले गेली. गोपाळ तलावावर जाळं घेऊन गेला होता. इंदू, त्याची बायको, छपरावर मासोळी वाळू घालून राहिली होती. खाली उतरलीच नाही. वरूनच म्हणे, कुत्र्याची जात आहे वयनी, त्याले काय समजते.
मी म्हटलं, "माझी बी जात आहे. कोंबडीची."
तोंडातून निघून गेलं तसंच. इंदू छपरावर हसत बसली. मले आणखीनच राग आला.

१६ नोव्हें.
मंडईच्या जत्रेले आलेले पाहुणे गेले एकदाचे. सगळ्यायचा डोळा कोंबड्यावर. मी वांग्याची भाजी वाढली.
जेवताना मोतीचा विषय निघाला. भाऊजी म्हणे, धानावर टाकायचं थिमेट आहे ना घरी, मटणाच्या तुकड्यात भरा न टाका कुपाटीपाशी, कोण पाहते. ह्यांनी (आमचे हे) मान डोलावली. ह्यांची मान कोणाच्याही बोलण्यावर डोलते.
मी सांगतलं, ज्या हातानं अंगणवाडीत पोरायले खिचडी वाढते त्या हातानं विष नाही टाकणार. न या घरातल्या कोणत्याच हातानं नाही. थिमेटचा पुडा कपाटात टाकून किल्ली पदराले बांधली. बांधलीच आहे अजून.

२० नोव्हें., गुरु.
भुरी खुडूक झाली. बसवली अंड्यावर. अंडी विषम ठेवली, मायनं सांगतल्यासारखी. खुराड्याच्या दाराले ह्यांच्याकडून नवी फळी ठोकून घेतली. तीन आठवडे भुरी जगली पाहिजे, बस.
संध्याकाळी मोती पुन्हा आत. कणकी टाकायच्याच वेळेवर येते मेला, घड्याळ बांधल्यासारखा. या खेपेले कोंबड्याचं शेपूट घेऊन गेला. कोंबडा जिवंत आहे, पण लाजून तणसाच्या ढिगामागं बसला.
गोपाळनं जाळ्याच्या दोरीनं बांधला होता म्हणे. दोरी चावून खाल्ली.
आता तंटामुक्तीत नेते. ह्यांनी नको म्हटलं. नको म्हटलं म्हणूनच नेते.

२३ नोव्हें., रवि.
आज चावडीवर बैठक. लिहायची इच्छा नाही, पण लिहिते.
मी उभी राहून चांगलं मुद्देसूद सांगतलं. कोंबडी किती पिढ्यांची, कुपाटी किती डाव दुरुस्त केली, सगळं. लोकं माना डोलवून राहिले होते. अध्यक्षांनी इंदूले विचारलं, काही म्हणायचं आहे का. इंदू पदर सावरून उठली.
"आमी काय करू? वयनी सोताच त बलावते त्याले. रोज संध्याकाळी. आमी आयकतो ना."
सारी चावडी हसली. हे बी हसले. मी पाहिलं.
मी बलावते! माझ्या थोरलीले खाणाऱ्याले मी बलावते! घरी येऊन चूल पेटवली. भात करपला. तसाच वाढला.

२४ नोव्हें., सोम.
रात्रभर डोक्यात तेच. सकाळी अंगणवाडीत जायच्या आधी तलावाच्या पाळीवर गेली, एकटी. कोंबडी नाही, कणकी नाही, काही नाही. इकडंतिकडं पाहिलं, कोणी नव्हतं. न मारली हाक, रोज कोंबड्यायले मारते तशीच, मायनं शिकवलेली: तीऽ ती ती ती!
वस्तीच्या त्या टोकाहून मोती निघाला. सुसाट. धानाच्या कापलेल्या बांध्यातून उड्या मारत आला न माझ्यापुढं उभा. शेपूट हलवून राहिला. "आलो, काय काम होतं?" असं तोंड.
मो-ती. दुरून हाक मारली की पहिला "मो" वाऱ्यावर जाते. राहते काय? तीऽ.
म्हणजे बिचारा रोज बलावल्यावरच येऊन राहिला होता. न आल्यावर समोर कोंबड्या वाढून ठेवलेल्या. मी कुत्रं असती त मी काय केलं असतं?
त्याले शिवी द्यायले तोंड उघडलं न हसूच आलं.

२५ नोव्हें.
इंदूकडं गेली. सांगतलं, तुझं खरं निघालं. (हे म्हणायले मले किती जड गेलं ते माझं मले माहीत.) मग म्हटलं, कुत्र्याचं नाव बदल. शेरू ठेव, काळू ठेव.
इंदूनं मान हलवली. नाव राकेशनं ठेवलं म्हणे. राकेश तिचा पोरगा, हैदराबादले केबलच्या कामावर. दोन वर्षं झाली, घरी आला नाही. रविवारी फोन करते न आधी मोतीले विचारते. फोनवरूनच हाक मारते, मोती फोन चाटते. ते नाव कसं बदलू, म्हणे.
मग तिनं मले विचारलं, तुमीच हाक बदला ना वयनी. कोंबड्यायले काय, कसंही बलावलं तरी येतात.
मी म्हटलं, ती मायची हाक आहे. माय नाही आता. तिच्या आवाजातलं माझ्यापाशी तेवढंच आहे.
 निघताना तिनं मूठभर सुके झिंगे दिले. घेतले. नाक वर ठेवूनच घेतले.
राकेश माझ्याच अंगणवाडीतला. दारापाशी बसवला तरी कधी बसायचाच नाही. खिचडीचं भांडं दिसलं की उठून पळत यायचा, बाकीच्या पोरायच्या वाट्या उलट्या करत.

२६ नोव्हें.
त्या राकेशले मी बसवलं होतं. एका महिन्यात.
हे काल लिहिलं न आज दिवसभर तेच डोक्यात. हाक माझी, येते माझ्याकडं. आलेलं पोरगं बसवता येत नसन त मी बाई कायची?

२७ नोव्हें.
सुरुवात. हाक मारली, मोती आला. कुपाटीच्या बाहेर मी आधीच उभी, हातात भाताचा गोळा, झिंग्याचा वास लावून (इंदूचेच झिंगे). म्हटलं, "हाताची घडी, तोंडावर बोट." गोळा पाठीमागं. त्यानं मागं जाऊन गोळा खाल्ला न कुपाटीत घुसला. कोंबड्या आधीच खुराड्यात कोंडल्या होत्या म्हणून निभलं.
हे ओट्यावर बसून पाहून राहिले होते. म्हणे, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच.
मी म्हटलं, शेपूट राहू द्या वाकडं. बूड टेकलं म्हणजे झालं.

२ डिसें.
बूड टेकलं!
चूक माझीच होती, मी ओरडून सांगत होती. अंगणवाडीत नव्या बायांना मीच शिकवते की आवाज चढवला त पोरगं उठते, आवाज उतरवला त बसते. कुत्र्यापुढं गेली न सगळं विसरली. आज हळूच म्हटलं, कानात सांगतल्यासारखं. हाताची घडी. मोतीनं मान वाकडी केली, पाहिलं, न बसला. पुढचे दोन पाय जवळ जवळ. घडीच ती, दुसरं काय.
गोळा दिला. मग त्याच्यादेखत कोंबड्यायले कणकी टाकली. लाळ गळून राहिली होती त्याची, पण हलला नाही. शेवटी शेवटी हलला. पण तोवर कोंबड्या खाऊन झाल्या होत्या.

६ डिसें.
पाचव्या दिवशी बी बसला. आता अंगणवाडीची पोरं बी संध्याकाळी येऊन कुपाटीपाशी उभी राहतात. मी म्हटलं हाताची घडी की मोती बसते न पोरं बी बसतात, मातीतच. एक पोरगी म्हणे, बाई, त्याले तोंडावर बोट कसं ठेवता येईन? मी म्हटलं, तो मनातल्या मनात ठेवते.
हे काल कोंढ्याहून दोघं ओळखीचे घेऊन आले. पाहा म्हणे आमच्या घरचं. आता "आमच्या घरचं"! चावडीत हसताना कोणाच्या घरचं होतं?
तरी चहा केला सगळ्यायले. आलं टाकून.

११ डिसें., गुरु.
भुरीची पिल्लं फुटली. सकाळपासून टोपल्यात चिवचिव. दोन अंडी वाया गेली, बाकी सगळी जिवंत. उलटं पीस आहे की नाही ते आत्ताच नाही कळत, सगळी सारखीच मऊ. पंख फुटले की कळन. जात राहिली का गेली, ते तेव्हाच.
अंगणवाडीत पोरायले गूळ वाटला.

१८ डिसें.

आज पहिल्यांदा भुरी पिल्लं घेऊन सांदवाडीत. मी हाक मारली. मोती आला, बसला. सगळं बरोबर. कणकी टाकायले वाकली न एक पिल्लू, आगाऊ कुठलं, कुपाटीतून बाहेर. सरळ मोतीच्या दोन पायांमंधात. तिथं भाताचं शीत पडलं होतं ते टोचायले.
 ओरडावं वाटलं. ओरडली असती त तो उठला असता. जीभ दातात धरली. मग हळूच म्हटलं, "हाताची घडी, राकेश."
हो, राकेशच म्हटलं. तोंडातून तेच आलं.
मोती थरथर कापून राहिला होता. लाळेचा दोरा पार पिल्लाच्या पाठीवर. मग त्यानं मान फिरवली, पार तलावाकडं, न डोळे मिटले. मी गेली, पिल्लू उचललं, आली. 
त्याले आज दोन गोळे. तीन दिले खरं म्हणजे.
इंदू तिच्या दारात उभी होती. सगळं पाहिलं तिनं. मी पाहिलं की तिनं पाहिलं. मान अशी ताठ करून घरात आली मी!

२७ डिसें.
उलटं आहे! एकाच्या पंखाले, मग नीट पाहिलं त दुसऱ्याच्या बी. बोटानं सरळ करा, पुन्हा वर वळते. तिसऱ्याचं नक्की नाही, थोडं वाकडं आहे, उद्या उजेडात पाहते.
माय, तुई जात राहिली वं. तुले सांगायले जागा नाही म्हणून इथं लिहिते. त्यात तुया लेकीचा हात आहे हे बी लिहून ठेवते, दुसरं कोणी नाही लिहिणार.
थिमेटचा पुडा ह्यांनी आज माझ्याकडून किल्ली घेऊन शेतावरच्या कोठीत नेऊन ठेवला. सांगतलं नव्हतं मी. किल्ली पदराची सोडली.

४ जाने., रवि.
दुपारी इंदू आली. कुपाटीपाशीच उभी, आत येईना. डोळे लाल. राकेशचा फोन आला होता, संक्रांतीले बी नाही जमत म्हणे. मालक सुट्टी देत नाही, गाडीत गर्दी असते, पुढच्या खेपेले येतो. दोन वर्षांपासून पुढचीच खेप.
मी म्हटलं, आत ये, चहा टाकते. ती म्हणे चहा नाही पाहिजे. पदरातून फोन काढला न माझ्यापुढं धरला.
"तुमच्या हाकेले सारेच येतात वयनी. माया पोराले बी एक डाव बलावून पाहा."
 चावडीत हेच बोलली होती ना ही, तुमीच बलावता म्हणून. तेव्हा अंगाची आग झाली होती. आज त्याच बोलण्यानं डोळ्यात पाणी. तिले दिसू दिलं नाही. कोंबड्यायकडं पाहून उभी राहिली.
फोन लागला. तिकडं गाड्यायचा आवाज, माणसं तेलुगूत ओरडून राहिली. मी गावातल्या गावात ओरडून बोलते तशी बोलायले गेली न थांबली. आवाज उतरवला.
म्हटलं, "राकेश, अंगणवाडीतली बाई बोलून राहिली. तुया मोतीले बसवलं मी. आता तू उठ तिथून न घरी ये."
  तो म्हणाला, "बाई, तुमी अजून हळूच बोलता." मग म्हणाला, पाहतो.
पाहतो म्हणाला. येतो नाही म्हणाला. नाही येत, असं बी नाही म्हणाला.
फोन ठेवल्यावर इंदू विचारे, काय म्हणे, काय म्हणे. मी सांगतलं, पाहतो म्हणे. तिनं हो म्हटलं न कणकीचं भांडं माझ्या हातातून घेतलं. आज तिनंच टाकली कोंबड्यायले. हाक मी मारली.
मोती आला न कुपाटीबाहेर बसला. गोळा खाल्ल्यावर बी उठला नाही, रस्त्याकडं पाहत बसला होता. इंदू बी तिकडंच पाहून राहिली होती.