मस्टरमधला डुलकीसम्राट

ता. १४, मंगळवार

तीर्थरूप काकांना,

नमस्कार. साष्टांग घातला असता, पण मी वाकलो की तुम्ही पाठीवर कागद ठेवून सही मागाल.

घरी सगळे बरे. आईचा गुडघा दुखतोय. ती म्हणते, काकांना विचार, जेवता ना वेळेवर. विचारलं. उत्तराची घाई नाही.

काल दादा तुमचा कागद घेऊन आला. मुलगा तुमचाच, पण मान वर करेना. मी नववीत दोनदा बसलोय, म्हणून कागदही दोनदा वाचला. गिलाव्याचं काम म्हणे मी पोटठेक्यावर घेतलं होतं. माणसं माझी, कुणाला इजा झाली तर जबाबदारी माझी, आणि तुम्हाला झळ लागली तर तीही मीच भरून द्यायची. तारीख दोन महिन्यांपूर्वीची! काका, तेव्हा मी तुमच्याकडे हजेरी लिहीत होतो आणि तुमची स्कूटर पुसत होतो. पोटठेकेदार स्कूटर पुसतो का?

गिलाव्यासाठी उभं राहायच्या परांचीच्या फळ्या तुम्ही दुसऱ्या इमारतीवर नेल्यात. मी म्हटलं, "काका, मिस्त्री वर आहेत, एकच फळी उरलीय." तुम्ही म्हणालात, "मग विमा कशाला काढलाय?" तासाभरात मिस्त्री खाली. कमरेचं हाड मोडलंय. या आठवड्यात ऑपरेशन झालं नाही तर पुन्हा उभे राहणार नाहीत, असं डॉक्टर म्हणतात.

आणि विमावाले म्हणतात, या नावाचा कामगार आमच्या यादीत नाही.

इथे तुम्ही मिशीत हसला असाल. यादी मी लिहिली होती ना. मिस्त्री जेवले की सिमेंटच्या गोणीवर आडवे व्हायचे, म्हणून नवव्या नंबरला त्यांच्या नावाऐवजी: डुलकीसम्राट. तुम्ही न वाचता सही ठोकलीत, विमावाल्यांनी न वाचता शिक्का. मी आठवडाभर पोट धरून हसत होतो. आता तोच नंबर मिस्त्रींच्या ऑपरेशनच्या आड आलाय.

दादा जाताना म्हणाला, "बाबांनी सांगितलंय, गुपचूप सही कर. नाहीतर मिस्त्रींच्या बायकोला कळेल, यादीत चावटपणा कुणी केला."

काळजी नसावी, मिस्त्रींच्या बायकोला, वहिनींना, मीच सांगितलं. हॉस्पिटलच्या जिन्यात. वहिनींनी कानाखाली वाजवली आणि मग डबा माझ्याच हातात देऊन वर पाठवलं. मिस्त्री सगळं ऐकून म्हणाले, "सम्राट लिहिलंस ना लेका? मग भिकाऱ्यासारखं का ताटकळत ठेवलंय मला?" त्यावर मला हसता आलं नाही. काय आलं ते तुम्हाला सांगत नाही.

दादाला विचारा, माझ्या कपाटात काय शोधत होता. हजेरीचं मस्टर वहिनींच्या घरी आहे. त्यात रोज डुलकीसम्राट, त्यासमोर मिस्त्रींची खरी सही, आणि प्रत्येक पानाखाली मालक म्हणून तुमची. गुरुवारी विम्याचा साहेब येतोय. त्याला मस्टर देणार आणि लेखी जबाबही: यादी मी बिघडवली, फळ्या काकांनी काढल्या. माझं काय व्हायचं ते होईल.

तुमचा कागद सोबत परत. सहीच्या जागी तुमची स्कूटर काढलीय. पुसायला आता दुसरा बघा.

आई म्हणते म्हणून, गुरुवारपर्यंत तुमचा,

पुतण्या