मी उचललेली चटई

प्रिय इयाकोपो,

ऑकलंडात पाद्री झालास तरी मला तू धाकटाच. माझ्या लेकाला, तनिएलूला, ट्रकखाली चिरडणाऱ्या सेमिसीच्या घरचे आज सकाळीच अंगणात येऊन बसले, आपल्या सामोआच्या रीतीने डोक्यावरून भारी चटई पांघरून. मी ती उचलली तरच माफी.

तू फोनवर ओरडलास, "ताई, हात लावू नकोस! बसू दे मेल्यांना उन्हात!"

मी विचारलं, "आणि रविवारी उपदेश कशावर करणार?" तू फोन ठेवलास.

दुपारपर्यंत मीही खिडकीतून बघत बसले. खोटं कशाला, बरं वाटत होतं. मग प्रार्थनेला बसले आणि 'आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो, तशी तू आम्हाला कर' या ओळीवर जीभ अडली. तीस वर्षं ती ओळ मी नुसती म्हणत होते.

उठले, चटई उचलली. खाली सेमिसीची आई. म्हणाली, "लूपे, मार मला."

"आधी कोको पी. उन्हात बसायचं वय आहे का तुझं?"

घराण्यात उपदेशक तू, पण करून दाखवलं मी. हे तुला कळवलं तर मला गर्व होईल, म्हणून पत्र बायबलात ठेवतेय, त्याच ओळीपाशी. आलास आणि ती ओळ उघडलीस, तरच सापडेल. पान तुला माहीत असेलच, पाद्री आहेस.

तुझी ताई,
लूपे