न वापरलेल्या दोराची वाटणी

मी, श्रीमती पद्मजा चंद्रप्रकाश नेरुरकर, वय अडुसष्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार मुलुंड पूर्व, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण घरात त्याबद्दल दुमत आहे. कोणाचा दबाव नाही असे लिहायची पद्धत असते. माझ्यावर दबाव पुष्कळ आला, मी तो घेतला नाही, एवढेच.

कारण असे की येत्या मे महिन्यात मी हिमाचलात बर्फावर चालायला शिकायला जाणार आहे. हे ऐकून माझा एकुलता मुलगा सुबोध जेवता जेवता म्हणाला, "गुडघे बघ ना आई तुझे! जायचंच असेल तर आधी मृत्युपत्र कर आणि मग जा." तो रागाने म्हणाला होता. पण मुलाचा शब्द खाली पडू देऊ नये, म्हणून हा खटाटोप.

कलम १. मी आणि माझे दिवंगत पती चंद्रप्रकाश (नाव घ्यायची सवय नसल्याने यापुढे त्यांचा उल्लेख 'हे' असा येईल) यांनी घेतलेले हे राहते घर माझ्या पश्चात सुबोधला मिळावे. अट एकच. गच्चीत पाण्याच्या टाकीच्या भिंतीला ह्यांनी बसवलेली लोखंडी कडी इमारत पुनर्विकासाला जाईपर्यंत कोणी काढू नये. त्या कडीला दोर लावून आम्ही दोघे टाकीवरून खाली उतरायला शिकलो. गुरू म्हणजे पुस्तक. ते खाली उघडे ठेवलेले असायचे आणि पान उडू नये म्हणून त्यावर माझा वरवंटा. शेजारच्या इमारतीतल्या बायका खिडकीत येऊन बघायच्या. मी साडीखाली ह्यांची पँट घालून उतरायची, तेव्हा त्यांचे बरोबरच होते.

कलम २. बँकेतल्या ठेवी सुबोध आणि सूनबाई दीप्ती यांनी निम्म्या निम्म्या घ्याव्यात. सोन्याच्या बांगड्या मात्र दीप्तीच्या एकटीच्या. सगळे "कशाला, कशाला" करत होते तेव्हा तिने एकटीने विचारले, "आई, तिकडे आतून घालायला गरम काय घेतलंय?"

कलम ३. गिर्यारोहणाची सर्व पुस्तके, जी फुटपाथवर मिळाली आणि सगळी इंग्रजी आहेत, ती मुलांना हात लावू देणाऱ्या एखाद्या वाचनालयाला द्यावीत. हे मोठ्याने वाचायचे आणि मी प्रत्येक वाक्य मराठीत सांगायचे. ह्यांचे म्हणणे, कड्यावर पाय थरथरायला लागला की माणसाला आपलीच भाषा सुचते, म्हणून ते आधीच मराठीत हवे. वाक्य चांगले जमले की हे मांडीवर थाप मारायचे.

मात्र वाचनालयाने पहिल्या पानावर सूचना लावावी, की ही पुस्तके थंड मुलखातल्या लोकांनी लिहिली आहेत. शेवाळ झाडाच्या उत्तर अंगाला वाढते, असे त्यात छापले आहे. आम्ही त्यावर विश्वास ठेवून जुलै महिन्यात मुलुंडच्या मागच्या डोंगरात शिरलो. आपल्याकडे जुलैत झाडाला चहूबाजूंनी शेवाळ असते, झाडालाच काय, कपाटातल्या चपलांनाही असते. मुलुंडहून शिरलेली मंडळी बोरिवलीला बाहेर पडली आणि बस बदलत बदलत घरी आली. बसमध्ये हे म्हणाले, "पद्मा, दिशा चुकली, पण डोंगर ओलांडला की नाही?"

कलम ४. बर्फात पायऱ्या खोदायची कुऱ्हाड वरच्या मजल्यावरचे भाऊ, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, यांना द्यावी. बर्फावर उभे राहायचा सराव करावा असे पुस्तकात होते आणि मुंबईत बर्फ कुठून आणणार? ह्यांनी घाटकोपरच्या कारखान्यातून लादी आणली, भुशात आणि गोणपाटात गुंडाळून, टेम्पोने. गच्चीवर ह्यांनी तिच्यात पाऊल मावेल अशी खाच खोदली आणि मी लोकरीचे मोजे घालून तिच्यात उभी राहिले. दुपारी भाऊ धावत वर आले. "नेरुरकर, अहो भर मे महिन्यात गळती? छताची वाट लागली माझ्या!" उरलेला बर्फ इमारतभर पन्ह्यात वाटला, तरी भाऊंनी पुढच्या सभेत विषय काढलाच. आता कुऱ्हाडच त्यांची, म्हणजे तक्रार मिटली. आजवर मी ज्या बर्फावर उभी राहिले तो तेवढाच.

कलम ५. दोर. हा ह्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या बोनसमधून घेतला. "जाऊ पुढच्या वर्षी," असे आम्ही दर वर्षी म्हटले. सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडले, सुबोधची दहावी आली, मग बारावी, मग घराचे हप्ते. दर मे महिन्यात हे दोर बाहेर काढायचे, सावलीत पसरायचे, बोटांखालून इंच इंच सरकवून बघायचे आणि पुन्हा गुंडाळायचे. शेवटी तिकिटे हातात आली, त्याच वर्षी ह्यांच्या फुप्फुसाचे दुखणे निघाले. हॉस्पिटलात मला म्हणाले, "नव्या बर्फावर पाय पडला की आवाज कसा येतो, ते वाच ना." मी वाचले. म्हणाले, "छे, ह्याने काही कळत नाही. तू जाऊन ये. नीट ऐकून ये."

नायलॉनचा दोर वापरला नाही तरी म्हातारा होतो आणि मग त्यावर जीव टांगू नये, असे पुस्तकात आहे. ते वाक्य आले की ह्यांचा आवाज बारीक व्हायचा. मी तो दोर सोबत नेणार आहे, भार टाकायला नव्हे, त्याला बर्फ दाखवायला. परत आला तर तो सुबोधकडे राहील.

मला ह्यांची आठवण सणावारी येत नाही. एखादे अवघड वाक्य मराठीत झकास बसते तेव्हा येते, कारण मांडीवर थाप मारायला कोणी नसते. तेव्हा ते मला फार हवे असतात.

कलम ६. मी तिकडेच राहिले, तर मेलेल्या माणसाला खाली आणायला जिवंत माणसाने जीव धोक्यात घालू नये, असा नियम आहे आणि तो मला मान्य आहे. सुबोधने येऊ नये. दिवसकार्य मुलुंडलाच करावे आणि मला कोणी बिचारी म्हणू नये.

पुरवणी. रविवारी सह्या करायला भाऊ आणि शेजारच्या लताबाई आल्या. सुबोधने सगळे वाचून दाखवले. सहाव्या कलमाला तो थांबला.

"हे काढ."

"नियम आहे रे तो."

"तुझ्या पुस्तकाचा असेल. तू पडलीस तर मी येणार म्हणजे येणार."

"तुला येतं काय? तूच दरीत जाशील."

"मग शिकवायचं ना मला! इतकी वर्षं तुम्ही दोघंच गच्चीवर. मला कधी विचारलंत, तुला यायचंय का म्हणून?"

भाऊ पंख्याकडे बघत बसले. त्याला नकोच आहे हे, असे आम्ही दोघे धरून चाललो होतो.

तरी, कलम ६ मधील 'सुबोधने येऊ नये' हे शब्द मी स्वतः खोडले आहेत आणि खाडाखोडीशेजारी सही केली आहे. बाकीच्या सह्या रविवारी न होता आज होत आहेत, कारण सुबोधची मे महिन्यातली रजा मंजूर होईपर्यंत मी थांबले. मग आता सुबोधही मृत्युपत्र करणार का, असे भाऊंनी विचारले. त्याने करायचे नाही. त्याने परत यायचे आहे, आणि मला घेऊन.

लिहून देणार: पद्मजा चंद्रप्रकाश नेरुरकर (सही)

आमच्यासमोर, वाचून आणि समजून सही केली:
१. लता विनायक परुळेकर (सही)
२. भाऊ सखाराम घाडी (सही, कुऱ्हाड नको, असे सांगून)

ठिकाण: मुलुंड पूर्व, मुंबई
दिनांक: १८ मार्च २०२५, मंगळवार