उजेडासमोर धरलेली प्लेट

मंगळवार, संध्याकाळ

आज लॅबमध्ये माझ्या हातून चूक होता होता राहिली. एका सहा वर्षांच्या मुलीच्या घशातले जंतू रक्त घातलेल्या प्लेटवर वाढवले होते. टेबलावरच पाहिलं, हिरवट डाग दिसले, म्हणजे घशातले नेहमीचे जंतू. तसं लिहिलंही. सही करताना मन खाऊ लागलं, म्हणून प्लेट उजेडासमोर धरली. एका ठिपक्याभोवतीचा लाल रंग पार गेला होता, त्यातून खिडकीची जाळी दिसत होती. म्हणजे हे जंतू नेहमीचे नव्हते; यांचं विष रक्तपेशी फोडतं, आणि औषध न मिळाल्यास हे दुखणं पुढे हृदयावर जाऊ शकतं. रिपोर्ट बदलला, डॉक्टरांना फोन केला.

चाळीत असताना गोधडीसाठी आई जुनी पातळं अशीच उजेडासमोर धरायची. "बघ गं, कुठं विरलंय?" मी दुसरीत होते. घरात वाचता येणारी मी एकटीच, म्हणून माझ्या डोळ्यांना जास्त दिसतं असं तिला वाटायचं. किती खरं वाटायचं मलाही!

घरी आल्यावर तिला सगळं सांगितलं.

"सापडलं ना? मग जेव आता."

जेवले. पण याआधीच्या किती प्लेट्स मी टेबलावरच वाचल्या असतील?