रिकाम्या हंड्याचा शंख

जॅकमेल, २० मे १९८९

चि. मिरलांद हिस,
दादाचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

इकडे खुशाली आहे. आईचा गुडघा तेवढा कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा जास्त आई. बेटावर पाच वर्षं फुकट शिकवलंस, आता लष्कराच्या भाकऱ्या पुरे, असा तिचा निरोप आहे. इथल्या मुलींच्या शाळेतली जागा तुझ्यासाठी धरून ठेवली आहे. जून सरायच्या आत येऊन सही कर.

तुमची शाळा चालवणाऱ्या समितीचे दोर्सेयुस साहेब भेटले. तू निघालीस की तिथली शाळा बंद, बाकं आणि फळा गलबतानं परत आणणार म्हणाले. मला वाईट वाटलं, पण तू कंबर कसू नकोस. मागे इथल्या पाद्रीबाबांशी हुज्जत घालून आईला मान खाली घालायला लावलीस, तेवढं एका जन्माला पुष्कळ झालं.

लोभ आहेच, उत्तर मात्र वेळेवर धाड.
फेनेलाँ

लागोनाव, २ जून

ती. दादास,
मिरलांदचा सा. न. आणि थोडा राग.

येते म्हटलंय ना, येईनच. पण माझ्यामागे शाळेला कुलूप लागणार असेल तर ते मी लावू देणार नाही. पाच वर्षं काय मी पाण्यावर रेघोट्या ओढल्या?

इल्फ्रीदबद्दल तुला लिहिलं होतं. मासे खारवते, तीन पोरांची आई. मी आले तेव्हा सही म्हणून अंगठा उठवायची. मागच्या बाकावर बसून शिकली आणि गेली दोन वर्षं लहानांचा वर्ग तीच घेते. माझ्यापेक्षा बरा घेते, कारण तिला पोरांच्या आया घाबरतात. गाव तिला पगाराऐवजी मका आणि मासे द्यायला तयार आहे. पण तिच्याकडे शिक्क्याचा कागद नाही, म्हणून साहेबांच्या लेखी ती कुणीच नाही. मी त्यांना तीन पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

आईला गुडघ्यावर एरंडेल चोळायला सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.
मिरलांद

जॅकमेल, ९ जून

चि. मिरलांद हिस, आशीर्वाद.

घाईत लिहितो. साहेब पुढच्या गुरुवारी स्वतः गलबत घेऊन तिकडे येत आहेत. त्यांच्या आडवी जाऊ नकोस. ते इथल्या शाळेतही तुझ्याविरुद्ध बोलू शकतात, आणि मग तुझी जागा गेलीच समज. मी भित्रा आहे म्हण हवं तर.

काळजीतला,
फेनेलाँ

लागोनाव, २० जून

ती. दादास, सा. न. वि. वि.

मी आडवी गेले नाही. गरजच पडली नाही.

साहेब सकाळी उतरले. बाकं वाहायला माणसं हवीत, म्हणून त्यांनी कुणाचा तरी शंख घेतला आणि स्वतःच फुंकला. शंख वाजला की इथे इर्जिकीला, म्हणजे एकाच्या कामाला सगळ्यांनी हात लावायला, अख्खं गाव धावतं. पण बोलावणाऱ्यानं शंखाआधी सगळ्यांच्या जेवणाचा हंडा चुलीवर चढवायचा असतो, हे शहरातल्या माणसाला कोण सांगणार? लोक कामाला ताल धरायचे ढोल घेऊन आले, शाळेत शिरले आणि बाकांवर बसले. म्हाताऱ्या आन्सेल्मनं शांतपणे विचारलं, साहेब, जेवण कुठाय? साहेब म्हणाले, जेवण कसलं, बाकं उचला. तर म्हातारा म्हणे, हंड्याशिवाय हात लावायची रीत नाही, आणि शंख वाजल्यावर उठून जायचीही नाही. बसावंच लागेल.

बसले, दादा. बायका, पोरं, कोळी, सगळे. साहेब चिडले, मग विनवू लागले. इल्फ्रीदनं खडू घेतला आणि एवढी माणसं आयती बसलीत म्हणून सातचा पाढा सुरू केला. दुपारी वारा फिरायच्या आत गलबताच्या तांडेलाला निघायचं होतं. साहेब हात हलवत गेले, पुन्हा येईन म्हणाले.

म्हणून त्या संध्याकाळी मी इल्फ्रीदला सांगितलं की मी जात नाही, आणखी एक वर्ष राहते, येऊ दे त्यांना. वाटलं, ती गळ्यात पडेल. ती वाळत टाकलेले मासे उलटत होती, थांबलीसुद्धा नाही. म्हणाली,

"बाई, तुम्ही राहिलात तर तो पुन्हा तुमच्याशीच बोलणार. मी उभीच राहीन बाजूला. तुम्ही गेलात की त्याला माझ्याशी बोलावं लागेल."

मला राग आला. खूप आला. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. काल वर्गात एका पोराची बेरीज चुकली, मी सवयीनं उठले. इल्फ्रीदनं पोरांदेखत मला खाली बसायला सांगितलं, आणि दादा, मी बसले.

शनिवारच्या गलबतानं येते. साहेबांनी माझ्याविरुद्ध बोलून जागा घालवली असेल तर दुसरी शोधू. धाकटीवर जीव आहे तसाच ठेव.

तुझी,
मिरलांद